सात गाठींची दस्ती

जळकोटच्या फाट्यावरच्या शेडमध्ये मुक्कामाच्या एसटीची वाट बघत आम्ही आठ जण बसलो होतो. सात पोरं आणि आठवा मी म्हातारा. लाईट गेलेली. शहाऐंशी सालचा उन्हाळा, वैशाखातली अमावस्या. हापशाला पाणी नव्हतं आणि रस्त्यापलीकडच्या बाभळीला पान नव्हतं. पोरांनी आपापल्या दस्त्या आधीच बोटाला गुंडाळून ठेवल्या होत्या. एसटी थांबली की खिडकीतून रुमाल आत फेकायचा. पडला त्या सीटवर आपली जागा धरली. आपल्याकडं हा कायदा कोर्टाच्या वरचा आहे.

"गोरोबाकाका, कायतरी सांगा की," गुंडप्पा म्हणाला.

हा गुंडप्पा आमच्या दूध सोसायटीत दूध घालतो आणि मी तिथं डिग्री लावून त्यातलं पाणी पकडतो. सगळ्या गावाच्या विहिरी आटल्या, ह्याच्या म्हशीचं पाणी काही आटत नाही.

"सांगतो. पण त्या दस्त्या खिशात घाला आधी."

"का वो?"

"ऐकलं की आपोआप घालशीला."

मग मी सांगितलं ते असं.

आपले तात्याराव चेअरमन कोरा चहा पितात हे तुम्हाला ठाऊक आहे. दूध सोसायटीचा चेअरमन आणि दुधाचा वास आला की उठून ओकायला जातो! तुम्ही हसता. मीबी दोन वर्षांमागं हसायचो.

चौऱ्याऐंशी साली आपल्या भागातल्या दहा-बारा चेअरमनांना विलायतेला नेलं होतं, तिथल्या डेऱ्या बघायला. लंडन शहर. तात्याराव परत आले ते नाक धरूनच. "गोरोबा, काय ती माणसं! पाण्याचा नळ उशाला, आन् कागदानं पुसत्यात!" पण ते राहू द्या. शेवटचा दिवस होता मंगळवार, पंचवीस सप्टेंबर. सर्वपित्री अमावस्या. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला हॉटेलातून विमानाला निघायचं होतं, आणि पासपोर्ट सगळ्यांचे आम्हाला नेणाऱ्या नव्हे, त्यांना नेणाऱ्या पुढाऱ्याच्या बॅगेत. चारला जो नसेल तो राहिला, असं पुढाऱ्यानं तीनदा बजावलं होतं. आणि मुक्ताबाईंनी, म्हणजे चेअरमनीणबाईंनी, थर्मास आणायला सांगितला होता. तो राहिलेला.

संध्याकाळी तात्याराव आणि शेजारच्या गावचा चेअरमन महालिंगप्पा थर्मास आणायला निघाले. जमिनीखालून रेल्वे जाते तिथं. घुशीच्या बिळासारखी. दारातलं मशीन तिकीट गिळतं आणि परत ओकतं. ते ओकलेलं तिकीट धरताना तात्याराव बोटं धोतराला पुसायचे.

आता, इंग्रजी अक्षर दोघांनाही येत नाही. महालिंगप्पाला तर मराठीसुद्धा भूक लागल्यावरच येतं, एरवी कानडी. पण तात्याराव हुशार गडी. हॉटेलपासून दुकान सात ठेसनं. त्यांनी दस्तीला सात गाठी मारल्या. ठेसन आलं की एक सोडायची. गाठी संपल्या की उतरायचं. शिवाय हॉटेलच्या ठेसनात भिंतीवर ठिपक्यांच्या गाईचं मोठं चित्र होतं, ती दुसरी खूण. जाताना अगदी बरोबर जमलं. थर्मास घेतला. येताना पुन्हा सात गाठी मारल्या.

येताना ही गर्दी! रात्रीचे आठ. गाडी आली, दार उघडलं. तात्यारावांना आत दोन जागा दिसल्या, शेजारी-शेजारी. महालिंगप्पा मागं अडकलेला, ते दीड क्विंटलचं धूड गोऱ्यांतनं सरकतंय कुठं? मग काय. तात्यारावांनी दस्ती घेतली आणि साहेबांच्या डोक्यावरनं आत फेकली! गाठींनी जड झालेली, बरोबर सीटवर पडली. स्वतः घुसले, शेजारच्या जागेवर बसले, आणि दाराकडं बघून मोठ्यानं हाळी दिली,

"या! या की! जागा धरलीया तुमच्यासाठी. बसा निवांत."

दार मिटलं. महालिंगप्पा बाहेरच राहिला.

तात्याराव खूश. एवढी माणसं उभी, पण धरलेल्या जागेवर कुणी बसेना. आपला कायदा विलायतेतबी चालतो! मग त्यांच्या ध्यानात आलं, माणसं नुसती उभी नव्हती. लांब सरकत होती. एका बाईनं नाकाला बाही लावली होती.

वास येत होता. नासलेल्या दुधाचा. भर उन्हात चार दिवस झाकून ठेवलेल्या कॅनचा. तुम्ही सोसायटीतली माणसं, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

त्यांनी शेजारी बघितलं.

जागेवर कुणीतरी बसलेलं.

लांब काळा कोट, डोक्याला फडकं. म्हातारी असावी. तोंड खिडकीकडं. कोटातनं पाणी निथळत होतं, आणि दस्ती तिच्या खाली...

"मग वढून घ्यायची की!" गुंडप्पा म्हणाला.

"बाईमाणसाच्या बुडाखालनं? तुझ्या आईनं हेच शिकवलं का रं तुला?"

पोरं हसली. गुंडप्पा नाही हसला.

तात्यारावांनी ठेसनं मनात मोजली. एक. दोन. दर ठेसनाला माणसं उतरत होती. चढत कुणी नव्हतं. चौथ्याला डबा रिकामा झाला. आता तेही उठून दुसरीकडं बसले असते. पण गाठी तिच्याखाली, आणि मनातल्या हिशोबावर त्यांचा भरवसा नाही. बसून राहिले.

मग आवाज आला.

चव... चव... चव.

रवंथ करणाऱ्या म्हशीचा येतो तसा. ओला.

त्यांनी हळूच बघितलं. दस्ती आता तिच्याखाली नव्हती. कोटावरनं वर गेली होती. एक टोक मांडीवर. दुसरं टोक... तोंडात.

ती दस्ती चघळत होती.

पाचवं ठेसन. सहावं. सातवं. गाय नाही. नुसती भिंत. दार उघडलं नाही. आठवं. भिंत. नववं. भिंत. मोजायचं सोडलं. दस्ती थोडी-थोडी आत चालली होती. दोन गाठी बाहेर राहिल्या, मग एक.

तात्यारावांना पासपोर्ट आठवला. चार वाजता निघणारी गाडी आठवली. घरी अंगणात पितरांचं पान वाढलं असेल, धाकट्या भावानं, आणि थोरला इथं मातीच्या पोटात.

डोळे मिटले. टोक धरलं. आणि हिसकलं!

आली. सगळी आली. बरोबर लाळेची तार आली, वीतभर, पांढरी, दह्याच्या निवळीसारखी. ती त्यांच्या मनगटावर पडली. गार.

सात गाठी. सातच्या सात. पण ओल्या, आणि दगडासारख्या आवळलेल्या. नखानं सुटेनात.

गाडी चालूच. बाहेर भिंत.

ओली गाठ नखानं सुटत नाही, पोरांनो. दोरखंड असो, कासरा असो. ओली गाठ कशानं सोडतात?

रस्त्यापलीकडं कुठंतरी टिटवी ओरडली.

"दातानं," गुंडप्पा हळूच म्हणाला.

"दातानं."

तात्यारावांनी दस्ती तोंडात घातली.

आंबट. खारट. जिभेवर साय चिकटते तसं काहीतरी चिकटलं. पहिली गाठ सुटली, आणि बाहेर दिवे दिसले. एक ठेसन गेलं. तेव्हा त्यांना कळलं. गाठ सुटली तरच वाट सुटणार.

दुसरी. दिवे. तिसरी. पोटातलं वर आलं. गिळलं. चौथी. ते चावत होते, आणि शेजारी तीही चावत होती. तोंडात काही नसताना. त्यांच्या बरोबरीनं.

चव... चव...

पाचवी. सहावी. सातव्या गाठीत काहीतरी कडक लागलं. त्यांनी बघितलं नाही. थुंकले.

गाडी थांबली. समोर ठिपक्यांची गाय. दार उघडलं.

उतरता-उतरता... तिनं तोंड वळवलं.

"कसं व्हतं काका?"

ते तात्यारावांनी आजवर सांगितलं नाही. बायकोला नाही, मला नाही. त्यांनी तिथंच फलाटावर ओकून घातलं, दस्ती कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि वर पळाले. हॉटेलात पोचले तेव्हा चाराला दहा मिनिटं कमी होती. आठला बसलेला माणूस! महालिंगप्पा मागच्या गाडीनं येऊन कधीच घोरत पडला होता. तो विमानात एवढंच म्हणाला, "तात्या, काचेतून बघितलो मी. जागा मोकळीच होती की. तुम्ही कुणाला सरकून जागा देत होता?"

घरी आल्यावर मुक्ताबाईंनी ट्रंक उघडली. थर्मासच्या खाली दस्ती. तीच, कचऱ्याच्या डब्यात टाकलेली. ओली. सात गाठी मारलेल्या.

मुक्ताबाईंनी चिमट्यानं धरून माझ्याकडं दिली. म्हणाल्या, "भाऊजी, जाळून टाका हे." मी रॉकेल ओतलं, काडी लावली. रॉकेल जळालं. दस्ती तशीच. शेवटी आणून बाभळीवर टांगली.

"कुठल्या बाभळीवर?"

मी रस्त्यापलीकडं हात केला.

दस्त्या खिशात घालत पोरं शेडमध्ये आत सरकली. "काका, उगं भ्या दाखवू नगा. तुमी गेल्या पोळ्याला माझ्या बैलाला भूत लागलं म्हणून सांगितलं व्हतं," एक जण म्हणाला. खरं आहे. त्या बैलाला मीच खाजकुयली लावली होती.

"हे मी लावलेलं न्हाय," मी म्हणालो. "दीड वर्ष सातच्या सात गाठी होत्या. पाडव्यापास्नं एकेक सुटाय लागलीया. काल सांजच्याला बघितली. एक ऱ्हायली होती."

गुंडप्पानं बॅटरी काढली आणि उजेड बाभळीवर मारला. दस्ती लोंबत होती. टोकाला एक गाठ. बाभळीखाली फुफाट्यात ओला डाग, ताटाएवढा.

तेवढ्यात वळणावर एसटीचे दिवे दिसले. गाडी आमच्या आणि बाभळीच्या मधे येऊन उभी राहिली. खिडक्या उघड्या होत्या. कुणाचाही हात खिशात गेला नाही.

आम्ही चढलो. गाडी मोकळी. आत एकटा कंडक्टर, डुलक्या घेणारा. "बसा की रं," तो म्हणाला. "जागाच जागा हाय."

दुसऱ्या बाकावर, खिडकीच्या जागेवर, एक दस्ती नीट पसरून ठेवलेली होती. एकसुद्धा गाठ नव्हती. कडेनं पाणी ठिपकत होतं.

"ही कुणी धरली?" गुंडप्पानं विचारलं.

कंडक्टरनं वाकून बघितलं. नाकाला हात लावला. "कुणास ठावं. आत्ता तर न्हवती."

मुक्कामाचं गाव अकरा कोस होतं. मोकळ्या गाडीत आम्ही आठही जण दांडी धरून उभे राहिलो.