आलं का?

दुपारी सव्वातीनला नेट गेलं, तेव्हा मास्तरीणबाई केस विंचरून, तोंडाला पावडर लावून कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. शाळेची पायरी त्यांनी चौथीनंतर चढली नव्हती. मास्तरांची बायको म्हणून सगळी गल्ली त्यांना मास्तरीणबाई म्हणायची, एवढंच.

चार वाजता ताई दिसणार होती. थोरली बहीण, दूरच्या इस्पितळात. घशात नळी घातलेली, त्यामुळे बोलणं बंद, नुसतं बघता येत होतं. साडेचारला ऑपरेशनला नेणार होते. डॉक्टर वयाकडे बोट दाखवत होते. आज एकमेकींची तोंडं बघून घ्यायची, हे दोघींनाही न सांगता कळलं होतं.

पडद्याच्या कोपऱ्यात पिवळा त्रिकोण होता. म्हणजे खालचा राउटरचा डबा चालू आहे, पण बाहेरून नेट येत नाही. लाल फुली असती, तर डबाच बंद. ही विद्या मास्तरांची.

मोबाइलला घरात रेंज नाही. गॅलरीच्या कठड्यावर ओणवं झालं की बोलण्यापुरती मिळते. तक्रार केंद्रातली मुलगी म्हणाली, "आजी, राउटर बंद करा आणि तीस सेकंदांनी चालू करा."

"अगं बाळ, तू पाटी-दप्तर घेऊन जात होतीस तेव्हापासून आमच्याकडे हेच चालतं."

खोटं नव्हतं. डबा जिन्याखाली, कॉम्प्युटर माडीवर, म्हणून नेट जाणं हे या घरात दोघांचं काम. मास्तर खाली स्टुलावर बसून प्लग उपसायचे, पाढे म्हणायच्या आवाजात तीस मोजायचे, प्लग खोचायचे आणि ओरडायचे, "आलं का?"

"नाही!"

"नीट बघ."

"डोळे आहेत मला!"

पुन्हा तीस. कधीकधी नेट केव्हाच आलेलं असे, आणि बाई गंमत म्हणून "नाही" म्हणत. शेजारीण एकदा म्हणाली होती, "काय हो, रोज कोणाची एवढी वाट बघता?"

मास्तरांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

बाई खाली गेल्या, प्लग काढला, तीस मोजले, वर आल्या. त्रिकोण. पुन्हा खाली, पुन्हा वर. तिसऱ्या खेपेला गुडघ्यांनी हात टेकले. चाराला दहा मिनिटं कमी होती. खुर्चीत बसून त्या सवयीनं ओरडल्या, "नाही आलं!" आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं.

कोपऱ्यात लाल फुली आली.

वीज गेली म्हणावं, तर डोक्यावर पंखा फिरत होता. खालच्या दाराला आतून कडी होती, ती त्यांनीच घातली होती. नकळत त्या मोजू लागल्या. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. मग डब्याला जाग यायला लागतो तेवढा वेळ. फुली गेली, त्रिकोण आला.

खालून कोणी काही विचारलं नाही. पण कोणीतरी उत्तरासाठी थांबलं होतं.

"नाही," बाई म्हणाल्या. मग जोरात, "अजून नाही!"

फुली.

तीस.

या वेळी त्रिकोण आलाच नाही. घंटी वाजली, आणि पडद्यावर ताई. गाल बसलेले, डोळे तेच. तिनं भुवया उंचावून बाईंच्या पावडरीकडे बोट दाखवलं. बाई हसत हसत रडल्या.

ताईचा हात हवेतच थिजला. कोपऱ्यात फुली होती.

बाईंच्या ध्यानात आलं. वरून उत्तर गेलं नव्हतं. उत्तर नाही म्हणजे आलं नाही, असंच मास्तर धरून चालायचे.

तीस.

ताई परत दिसली. घाबरलेली.

बाईंनी जिन्याकडे तोंड केलं. "आलं! अहो, आलं! आता हात लावू नका, ताई आहे!"

त्यानंतर नेट गेलं नाही. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, पोटभर. मग पलंग ढकलत नेला. नर्स म्हणाली, "हे चालूच ठेवा. दोन तासांनी बाहेर आणलं की इथूनच दाखवते."

पडद्यावर रिकामी भिंत उरली. बाई कठड्याला धरून खाली उतरल्या.

जिन्याखाली कोणी नव्हतं. डब्याचे चारही दिवे हिरवेगार लागले होते. त्याचा प्लग मात्र बोर्डातून काढलेला होता आणि वायर नीट गुंडाळून स्टुलावर ठेवली होती.

बाईंनी त्याला हात लावला नाही. ताई बाहेर यायला अजून दोन तास होते.