डावखुऱ्यांचा पूल

“मी दमलोय,” शेपूट म्हणाला.

“तू कशानं दमलास? तू तर नुसता आमच्या मागून येतोयस,” भोपळा म्हणाला.

उन्हानं रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं. चिमटा पुढे चालत होती. ती अंगानं काडी, पण एकदा काही धरलं की सोडायची नाही, म्हणून चिमटा. भोपळा आणि शेपूट हे तिचे धाकटे भाऊ. सुट्टीला तिघं आत्याकडे आली होती, आणि आज एक नको असलेलं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. सभागृहातून आत्याचा टेबलक्लॉथ परत आणायचा होता.

गावच्या पुलाला पन्नास वर्षं झाली म्हणून तिथं प्रदर्शन भरलं होतं. पूल खुला झाला त्या वर्षी बायकांनी हौसेनं भरलेले अभ्रे, रुमाल, पडदे लोकांनी आणून दिले होते. त्यात सगळ्यांत मोठा आत्याचा टेबलक्लॉथ. त्यावर पूल, फीत कापणारे पाहुणे, पोलीस, बँड, सगळं रेशमानं भरलेलं.

सकाळी प्रदर्शनाचे चिटणीस दारात येऊन सांगून गेले होते, “ताई, उद्घाटन झालं बाजाराच्या काठावर. तिथून पाण्याची टाकी पुलाच्या डावीकडे दिसते. तुमच्या चित्रात ती उजवीकडे आहे. परीक्षक म्हणतात, हे उद्घाटन न बघितलेल्या माणसाचं काम. संध्याकाळच्या कार्यक्रमाआधी घेऊन जा.”

आत्या भांडली नाही. हातातलं फडकं घेऊनच ती खुर्चीत बसली. “असेल बाई. मी तेव्हा सतरा वर्षांची. गर्दीत उभी होते असं वाटत आलंय आजवर. कदाचित गेलेही नसेन.”

हे शेवटचं वाक्य चिमटाच्या डोक्यातून जात नव्हतं.

सभागृहात पंखे घरघरत होते आणि रखवालदार स्टुलावर पेंगत होता. टेबलक्लॉथ एका मोठ्या लाकडी चौकटीवर ताणून भिंतीला टेकवला होता. चारी कडांवर पट्ट्या ठोकलेल्या. टाकी खरंच उजवीकडे होती. घरी चित्रावर कायम ताटं मांडलेली, त्यामुळे टाकी कुठल्या हाताला ते कोण बघतंय?

“ताई, हे सगळे माझ्यासारखे आहेत,” शेपूट एकदम खुलून म्हणाला. तो डाव्या हातानं जेवायचा आणि त्यावरून रोज बोलणी खायचा. “बघ ना, पाहुणे डाव्या हातानं फीत कापतायत. पोलीस डाव्या हातानं सलाम करतोय. फक्त ढोलवाला आपल्यातला नाही.”

“अख्खं गाव डावखुरं? तेव्हा त्या टाकीच्या पाण्यातच काहीतरी असणार,” भोपळा म्हणाला.

चिमटा हसली नाही. तिनं पिशवी खाली ठेवली.

आत्याचा एक नेम होता. भरतकामाची मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच स्वच्छ हवी. दोरा लोंबला की सगळं उसवायची. “मागून कोण बघणारेय?” असं चिमटानं एकदा विचारलं होतं. “बघणारा मागूनही बघतो गं,” आत्या म्हणाली होती.

“भोपळ्या, रखवालदारकाकांना बाहेर ने.”

भोपळा स्टुलापाशी गेला. “काका, बाहेरची सायकल तुमची का? उन्हात आहे. टायर फुटेल हं.”

रखवालदार कुरकुरत उठला. चिमटानं सगळा जोर लावून चौकट भिंतीपासून जराशी ओढली आणि शेपूट मागे शिरला.

“काय दिसतंय?”

“तेच. पण टाकी डावीकडे गेलीय.” आणि तो धुळीनं जोरात शिंकला.

“काय चाललंय तिकडे?” चिटणीस धावत आले. मागून परीक्षक, एक म्हातारे मास्तर.

“तुम्ही टेबलक्लॉथ उलटा लावलाय,” चिमटा म्हणाली.

“अगं, उलट्या बाजूला गाठी असतात. एवढं कळतं मला.”

“आमच्या आत्याच्या नसतात. ही पट्टी काढा. कड नेहमी मागे दुमडून शिवतात. दुमड कुठे आहे तेवढी बघा.”

“काढा पट्टी,” मास्तर म्हणाले.

खिळे निघाले. दुमड समोरच होती, सगळ्यांकडे तोंड करून.

“घाईत लावला हो. शंभर कामं,” चिटणीस पुटपुटले.

मास्तरांनी चष्मा काढला. “आणि मी एका बाईला न विचारताच खोटं ठरवलं. चला पोरांनो, घर दाखवा.”

आत्या अजून त्याच खुर्चीत होती. मास्तर उंबऱ्याबाहेरच थांबले. “ताई, टाकी डावीकडेच आहे. आम्हीच उलटा लावला होता. तुम्ही होतात तिथं.”

“होते ना?” आत्यानं विचारलं.

“होतात. आणि ही पोरं भारी आहेत तुमची. आम्हा म्हाताऱ्यांपेक्षा नजर बरी. कार्यक्रमाला चला.”

“त्यांनाच न्या. गुणाची आहेत. मी दमलेय.” तिनं चिमटाच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात जड होता, पण तिनं लवकर काढला नाही.

शेपूट मात्र हिरमुसला होता. “म्हणजे सगळे उजवेच. डावखुरं कुणीच नव्हतं.”

आत्यानं डोळे मिटले होते. “होता की. ढोलवाला. माझ्या अगदी समोर उभा होता. डाव्या हातानं काय वाजवत होता रे...”

एवढं बोलून ती बसल्या जागी झोपली. तिघं चपला हातात घेऊन बाहेर पडली.