चंद्रावरच्या भेगाळलेल्या टाचा

कोकमतेल लावलं आणि टाचांच्या भेगा भरल्या नाहीत, असं तांडेलांच्या घरात कधी घडलं नव्हतं. पण आता घर कोकणात नव्हतं. ते चंद्रावरच्या वस्तीत, जमिनीखाली खोदलेल्या बोगद्यात होतं. मैथिलीची आई रोज जेवणं आटोपली की पाय पसरून तेल चोळत बसायची, तरी भेगा होत्या तिथेच. उलट आता त्यांतून रक्त डोकावायला लागलं होतं.

कोकमतेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. गार झालं की त्याचा मेणासारखा गोळा होतो. निघताना कोकणातल्या अक्कामावशीने त्याचे गोळे फडक्यात बांधून दिले होते. वस्तीच्या दुकानात पृथ्वीवरून आलेलं मलम मिळायचं, पण एवढीशी डबी घ्यायची तर महिनाभर भाजीला कात्री लावावी लागली असती.

"यंदा गौरीच्या जागराला मी बसून गाणी म्हणेन," आई म्हणाली. "फुगडीला तू दुसरं कोणी बघ."

मैथिलीला हे चालणार नव्हतं. बायकांच्या फुगडीत तिला यंदा पहिल्यांदाच जागा मिळणार होती, तीही आईसमोर. चंद्रावर माणसाचं वजन पृथ्वीवरच्या वजनाच्या सहाव्या हिश्शाएवढंच भरतं. फुगडीत हात सुटला, तर माणूस तरंगत जाऊन भिंतीलाच लागतो. असा हात भलत्याच कुणाच्या हातात कसा द्यायचा?

तिने अक्कामावशीला पडद्यावर बोलावलं आणि आईच्या टाचांचं गाऱ्हाणं सांगितलं. पृथ्वीवरून उत्तर यायला जरा वेळ लागतो, म्हणून मावशी आधी नुसतीच बघत राहिली. मग आईवर कडाडली, "काय गो सुलू, पाय खटखटीत कोरडे करून लावतेस ना? बोटांच्या बेचक्यासुद्धा?"

"अक्का, टॉवेलने पुसते, वर पंख्याखाली धरते!" आई म्हणाली. "तुझा नियम मोडायची माझी हिंमत आहे का?"

तेवढ्यात दारातून झारी आत आली. झारी हा पाणी खात्याचा यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र), पण नावामुळे सगळे तिला बाईच समजत. खोल्यांमधल्या हवेतलं पाणी वेचून टाकीत नेणं, हे तिचं काम.

"हवेत कुठलं आलंय पाणी?" मैथिली कुरकुरली. तिचं मन थाऱ्यावर नव्हतं.

"तुम्हीच देता की," झारी म्हणाली. "तुमच्या श्वासातून येतं, कातडीतूनही येतं. त्याला बाष्पीभवन (पाण्याची वाफ होऊन उडून जाणं) म्हणतात. मी ती वाफ गोळा करते, गार करते, गाळते. मग तुम्ही पिता."

"ईऽऽ! म्हणजे आम्ही आईच्या टाचा पितो?"

"गाळून," झारी गंभीरपणे म्हणाली. आईला हसू आवरेना.

मैथिलीच्या डोक्यात मात्र काहीतरी हललं. "झारी, तू सगळी वाफ उचलतेस. मग इथली हवा फारच कोरडी असणार?"

"मुद्दाम ठेवलेली. नाहीतर यंत्रं गंजतील, भिंतींना बुरशी येईल. इथली आर्द्रता (हवेत किती वाफ आहे त्याचं माप) कोकणातल्यापेक्षा खूपच कमी आहे. कोरडी हवा तहानलेली असते. जिथे ओल दिसेल तिथून ओढून घेते."

"पण तेल लावल्यावर आईची कातडी मऊ व्हायला हवी ना?"

"ते मला नाही ठाऊक," झारी म्हणाली. "मी पाण्याची. तेलाचा आणि माझा संबंध नाही."

मग स्वतःच बघायचं ठरलं. स्वयंपाकघरात गाजराच्या काही चकत्या सुकून वाकड्या झाल्या होत्या. मैथिलीने त्यांतली एक तशीच घेतली आणि तिला कोकमतेल चोळलं. दुसरी पाण्यात फुगू दिली आणि नुसती ठेवली. तिसरी फुगवली आणि ओली असतानाच तिला तेल चोळलं. मग ती शाळेत गेली. तिथे गुरुजींनी काय शिकवलं, ते तिला विचारू नका.

परत आली तर पहिली चकती तुकतुकीत झालेली, पण वाकडीच. दुसरी फुगलेली होती, ती पुन्हा सुकून गेलेली. तिसरी अजून टवटवीत होती.

मैथिलीने तिन्ही चकत्या बोटाने दाबून बघितल्या. मग एकदम ओरडली, "आई, तेल म्हणजे ओल नव्हे! तेल म्हणजे झाकण! रिकाम्या भांड्यावर कितीही घट्ट झाकण ठेवलं तरी आत पाणी कुठून येणार?"

"पण अक्काचं कधी चुकलं नाही गं."

"तिथे नाहीच चुकलं! कोकणात हवाच ओली. कातडीतलं पाणी फारसं उडत नाही. तिथे भीती उलटी असते, पाय ओले राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होण्याची. म्हणून कोरडं करायचं. इथे आपण आधी टाचा सुकवतो आणि मग त्यावर झाकण घालतो."

आईने कोमट पाण्यात पाय बुडवले. टाचा चांगल्या भिजल्यावर पाणी नुसतं टिपलं, घासून पुसलं नाही. बोटांच्या बेचक्या तेवढ्या कोरड्या केल्या. मैथिलीने वाटीत कोकमतेलाचा तुकडा पातळ केला, बोट लावून तो फार गरम नाही ना ते बघितलं आणि ओलसर टाचांवर चोळला. वर बाबांचे जुने सुती मोजे चढवले. जिथे रक्त येत होतं, ती भेग मात्र आधी दवाखान्यात दाखवून आणली. पाय भिजवलेलं पाणी झारीने बादलीसकट नेलं.

हळूहळू कडा मऊ पडल्या. भेगा आतून भरत आल्या.

हे कळल्यावर अक्कामावशी पडद्याच्या अगदी जवळ आली. "म्हणजे मी सांगितलं ते खोटं गो?"

"नाही मावशी. ते तुझ्या हवेला खरं आहे. आमची हवा वेगळी."

"असं होय," मावशी म्हणाली. "मग आता तुमच्या हवेचे नियम तुम्हीच शोधा. मला कळवा मात्र."

जागराच्या दिवशी पाण्याच्या टाक्यांशेजारच्या मोठ्या दालनात बायका जमल्या. कडेला उभ्या झारीला मैथिलीने विचारलं, "मंगळावर वस्ती होईल, त्या वस्तीतली हवा कशी असेल गं?"

"अजून ठरायची आहे," झारी म्हणाली. "जे राहायला जातील, ते ठरवतील."

"मग मी जाईन," मैथिली म्हणाली. तेवढ्यात आईने मोजे काढून भिरकावले. चंद्रच तो, मोजे सावकाश तरंगत खाली यायला लागले. ते जमिनीला टेकायच्या आत मायलेकींनी हात घट्ट धरले, पाय जुळवले, आणि गिरकी घेतली.