तीन चाकांवरची खोली

साडेपाच फूट लांब, सव्वादोन फूट रुंद, आणि पायथ्याचा एक कोपरा वीतभर कापलेला... अशी गादी दर्यापुरात आजवर कोणी मागितली नव्हती.

सबीहानं टेप खाली ठेवला आणि समोरच्या माणसाकडं नीट पाहिलं. तिशीच्या आतला, चांगला उंच. शर्टाला वेल्डिंगच्या ठिणग्यांनी बारीक बारीक भोकं पडलेली. आपण काही जगावेगळं मागतोय याचा चेहऱ्यावर पत्ताच नाही.

"यावर तुमी सोता झोपसान काय?"

"हो."

"मंग पाय कोठी ठेवसान?"

त्यानं खरंच विचार केला. "दार उघडं ठेवीन... पाय बाहेर."

सबीहा हसली. दुकानात बसलेल्या पोरीनं अनोळखी गिऱ्हाइकासमोर असं खळखळून हसावं का, हा प्रश्न ज्याला पडायचा त्याला पडो. ती हसली, आणि तो बावळटासारखा तिच्याकडं पाहत राहिला, एवढं खरं.

"अन् कोपरा काहून कापाचा?"

"तिथी पाण्याची टाकी हाये."

"गादीत टाकी?"

"गाडीत," तो म्हणाला. "चला, दाखवतो. बाजूलेच हाये."

दुकानाशेजारच्या रिकाम्या जागेत एक तीनचाकी मालगाडी उभी होती. भंगारातून घेतलेली, समोरची काच नसलेली. मागच्या हौद्यावर लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा चढवलेला. आत एका बाजूला झोपायची फळी, दुसऱ्या बाजूला हत्यारांचा कप्पा, वर स्टोव्हची जागा. दार म्हणून कुणाच्या तरी जुन्या कपाटाचा पल्ला होता, त्यावरचा आरसासुद्धा तसाच. सबीहानं त्या आरशात आपली ओढणी नीट केली आणि मागं तो पाहतोय हेही त्यातच पाहिलं.

त्याचं नाव जिब्रान. राहणारा अकोल्याचा, काम फवारणीचे आणि विहिरीवरचे पंप दुरुस्त करण्याचं. घरात दोघंही उर्दू आणि वऱ्हाडी दोन्ही बोलणारे, पण पहिलं बोलणं दुकानातल्या वऱ्हाडीत झालं आणि मग तेच राहिलं.

दोन हजार सहा सालचा उन्हाळा तोंडावर आला होता. कापसाचा आणि कर्जाचा विषय निघाला की माणसं दुसरीकडं पाहायची, असे ते दिवस. शेतकऱ्यानं पंप घेऊन अकोल्याला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार, म्हणून बिघडलेला पंप कोपऱ्यात पडून राहायचा आणि फवारणीचा दिवस निघून जायचा.

"ते येत नाई त मीच जातो," जिब्रान म्हणाला. "पन मुक्काम कोठी कराचा? दोन वर्सं मशिदीच्या ओट्यावर नाई त बस स्टँडवर झोपलो. एकदा उशाखालचे पाने-पेचकस चोरीले गेले. मंग म्हटलं, आपली खोलीच आपल्यासंग फिरली पाह्यजे."

सबीहाला हे बोलणं आवडलं. तिची स्वतःची खोली कधी हलली नव्हती. पिंजाऱ्याचं घर. बशीर, म्हणजे तिचे अब्बा, यांच्या छातीत तीस वर्षांची रुई बसलेली. चार पावलं चालले की धाप. डॉक्टरनं धुळीत बसायचं नाही म्हणून बजावल्याला वर्ष झालं. तेव्हापासून पिंजणं, भरणं, टाके घालणं सगळं सबीहाच्या हातात. आधीच लोक नव्या गाद्या करेनासे झालेले. शहरातून फोम यायचा. तिनं हात काढून घेतला असता तर दुकानाला त्याच दिवशी कुलूप लागलं असतं, आणि कुलूप लागलेलं अब्बांना पाहवलं नसतं. असं तिला वाटायचं. चांगली दोन स्थळं तिनं याच कारणावरून परतवली होती.

गादीच्या निमित्तानं ती रोज गाडीपाशी जाऊ लागली. माप घ्यायला किती दिवस लागतात हो? सबीहाला नऊ दिवस लागले.

"आत बसून पाह्यलं काय दुपारी?" एकदा ती म्हणाली. "पापड भाजून निघन. पत्रा अन् प्लायच्या मधी रुई भरा."

"रुई?"

"रजईत थंडी शिरते काय? मंग ऊन कसं शिरन?"

त्यानं कपाळावर हात मारला. "लय हुशार आहा तुमी."

"मले माहीत हाये," सबीहा म्हणाली आणि वळून चालायला लागली. चेहरा लाल झाल्यावर समोर थांबून काय करायचं?

जिनिंगमधली टाकाऊ रुई तिनंच मिळवली, तिनंच पिंजली आणि दोघांनी मिळून भिंतींत दाबून भरली. तो आतून प्लाय धरायचा, ती वरून रुई सोडायची. मध्ये बोटांना बोटं लागायची... कोणी हात लगेच काढला नाही, हेही सांगायला हवं.

आणि मग ती गंमत झाली. गंमत कसली, जीवच जायचा! कंदील टांगायला आकडा राहिला म्हणून जिब्राननं बाहेरून वेल्डिंगचा एक टाका मारला. एकच. आता वेल्डिंगवाल्याला रुईची सवय नाही, आणि पिंजाऱ्याच्या घरात ठिणगी कधी शिरत नाही. दोघांनी आपापलं अर्धं शहाणपण वापरलं होतं. दाबून भरलेली रुई भडकत नाही, आतल्या आत धुमसते. पाच मिनिटांनी फटीतून धूर आला.

"सबीहा, पाणी!"

पाण्याआधी तिनं पहारीनं प्लाय उचकटला आणि जळती रुई हातांनी ओढून बाहेर फेकली. तो ओरडत होता, "सोड! जळू दे गाडी, सोड!" ती सोडायला तयार नाही. शेवटी त्यानं तिचे दोन्ही हात पकडून बादलीत बुडवले आणि तसेच धरून ठेवले. बोटांवर फोड आले होते.

"येडी हायेस काय तू?"

"वेल्डिंग पहिले कराचं असते, रुई मंग," ती दातओठ खात म्हणाली. मग तिच्या ध्यानात आलं. "अन् तू मले 'तू' म्हटलं."

"म्हटलं," तो म्हणाला. "आता परत 'तुमी' म्हणनं मले जमत नाई."

बादलीतलं पाणी कोमट झालं तरी त्यानं हात सोडले नाहीत. सबीहाला तो आवडला होता. सरळच सांगायचं तर इतका आवडला होता की गाडी पूर्ण होऊच नये असं तिला वाटायला लागलं.

पण गाडी झाली. निळा रंग लागला, खिडकीला जाळी बसली, कोपरा कापलेली गादी फळीवर नेमकी बसली. निघायच्या आदल्या सकाळी जिब्रान हत्यारं लावत होता. एकच पाना तिसऱ्यांदा पुसताना म्हणाला,

"सबीहा... तू येशीन काय माह्यासंग? निकाह करून म्हणतो मी. खेड्यात घरोघरी जुन्या गाद्या दगडासारख्या झाल्या हायेत. मी अंगणात पंप खोलीन, तू गादी खोलशीन. फळी रुंद करून घेऊ. मले तू लय आवडतं. तुह्यावाचून ही गाडी मले आता नुसता डबा वाटते."

सबीहा वळली. घरात गेली, कात्री घेऊन आली. आत चढली आणि स्वतः घातलेले टाके एकेक करून कापू लागली. कच्... कच्...

जिब्रानचा चेहरा पांढरा पडला. "नाई म्हनाचं त तोंडानं म्हण. गादी काहून फाडतं?"

तिनं मान वर केली. डोळे भरलेले.

"आमच्या घरात पोट्टी आपल्या निकाहाची गादी सोता शिवत नाई. बाप शिवते. तिनं एक बी टाका घालाचा नसते." तिनं नाक ओढलं. "अन् मी त पुरी शिवून बसली."

हे त्याच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. शिरलं तेव्हा तो हसायचं की रडायचं हे न कळून तसाच उभा राहिला.

"हसू नोको," ती म्हणाली. "अब्बा हो म्हणतीन तवा खरं."

उसवलेली खोळ आणि रुई तिनं दोन्ही हातांत उचलली, दुकानात नेली आणि अब्बांच्या पुढ्यात ठेवली. जिब्रान उंबऱ्याशी थांबला. बशीरनं खोळीकडं पाहिलं, मुलीकडं पाहिलं. दुसऱ्या धंद्यातल्या बापाला समजावून सांगावं लागलं असतं.

"कोणासाठी?" त्यांनी एवढंच विचारलं.

"माह्यासाठी, अब्बा." ती म्हणाली. "पन तुमी नाई म्हटलं त मी जात नाई. दुकान बंद पडलं त तुमी कसे राह्यसान?"

बशीर बराच वेळ खोकत राहिले. पाणी प्याले.

"बेटा, तुही रजियाफुफी तीन वर्सापासून मले अकोल्याले बोलवून राह्यली. इथल्या धुळीत माहा जीव चालला. मी समजलो, पोट्टीचा जीव हाये दुकानात. म्हणून उघडं ठेवलं."

"अन् मी समजली तुमचा हाये..."

इतके दिवस एकमेकांसाठी ओढलेलं ते दुकान दोघांनाही नको होतं. सबीहा बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली, आणि त्यांनी तिच्या केसांतली रुई वेचत तिला रडू दिलं.

मग ते सरळ बसले. तोंडाला रुमाल बांधला, फळीवरचं दाभण घेतलं. वर्षभर त्याला हात लावला नव्हता. दोरा ओवायला गेले तर नेढं दिसेना. एकदा चुकलं, दोनदा चुकलं. सवयीनं दाभण सबीहाकडं केलं. तिनं दोन्ही हात पाठीमागं लपवले.

बशीर हसले. मान वळवून उंबऱ्याकडं पाहिलं.

"ये, जावई. तिथी काहून उभा हायेस? दोरा ओव."