निळा कोट, शून्य निकाल

कपड्यांच्या दोन रांगांमधून ती बाहेर आली आणि थेट संगणकवाल्यावर आदळली. तिच्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून तो क्षणभर वाचला. नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळणारी बाई ती, ऐकून घेणाऱ्यातली नव्हे.

"तुमच्या यंत्रातल्या कपड्यांच्या यादीत 'राजा निळा कोट' शोधलं," टाचण्या काढून ती म्हणाली, "तर शून्य म्हणे. मी बापडी नवा शिवत बसले. आणि जुना हा इथे लोंबतोय!"

"कोटाच्या नोंदीत 'निळा' आहे," तो ओशाळून म्हणाला, "'राजा' भूमिकेच्या नोंदीत. दोन्ही एकमेकींना जोडलेल्या आहेत हो, पण शोध एका वेळी एकाच नोंदीतले शब्द वाचतो. जोडणीपलीकडे जातच नाही."

"म्हणजे असून नसल्यासारखं?"

"दुरुस्त करतो ना..."

मग तो येतच राहिला. आला की पंखा तिच्याकडे वळवायचा. तिचा चहा गार झाला तर गुपचूप दुसरा आणायचा. बोलायचा मात्र नोंदींबद्दलच.

"काही म्हणाला का?" थोरल्या ताईने फोनवर विचारलं.

"नाही..."

"मग नाही. विषय संपला."

संपतोय कसला! माणूस पंखा वळवतो तो समोरच्याला उकडतंय म्हणून, की — तिच्या डोक्याचा पार भुगा झाला. ताईचंही त्या शोधासारखंच, शब्द दिसला नाही की शून्य. पण ताई बरोबर असली तर? आज त्याचं काम संपणार होतं. तो असाच गेला, तर तिला कधीच कळणार नव्हतं.

"बघा चालवून," तो बॅग भरत म्हणाला.

तिने 'राजा निळा कोट' लिहिलं. कोट लगेच आला, कुठल्या रांगेत आहे त्यासकट.

"कधी जमलं हे?"

"...दुसऱ्याच आठवड्यात. चालू केलं नव्हतं."

"अहो, त्यानंतर मी राणीचा झगा शिवला! शिपायांचे पायजमे शिवले. बोटांची चाळण झाली माझी."

"चुकलंच माझं." त्याने मान खाली घातली. "चालू केलं असतं तर मला इथे यायला कारण उरलं नसतं. तुम्ही आवडता मला. सांगायला... जमत नव्हतं."

रागवावं की हसावं, तिला कळेना. डोळे मात्र भरून आले. तो बॅग उचलून दाराशी पोचला.

"उद्या या," ती म्हणाली.

"का? काय बिघडलंय?"

"काहीच नाही. तरी या."