मासे कोणी मारले?

"वन्सं, आत्ताच्या आत्ता शाळेत या. तुमच्या लाडक्या भाचीनं वर्गातले मासे मारलेत. शाळा तिला काढून टाकतेय."

एवढं बोलून भावजयीनं फोन आपटला. एरवी जिला नणंदेचं तोंडही पाहायला नको असायचं, तिनं बोलावलं म्हणजे पाणी गळ्याशी आलं होतं. नवरा परगावी होता आणि चौकशीच्या धंद्यातलं माणूस घरात एकच होतं. आत्या विमा कंपनीत तपासनीस होती. गोदाम आपसूक पेटलं की मालकानंच पेटवलं, हे हुडकण्यात तिचे केस पांढरे झाले होते. त्यामुळे गोड बोलणाऱ्या माणसांचा तिला मुळातच राग होता.

मुख्याध्यापकांनी मात्र तो धोका पत्करला नाही.

"चौकशी झालेली आहे," ते खेकसले. "मुलीनं टाकीत फरशी पुसायचं औषध ओतलं. सगळे मासे मेले. दाखला घ्या आणि निघा."

"कुणी पाहिलं?"

"ती स्वतःच सांगतेय!"

भिंगरी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. सात वर्षांची, दुसरीतली. घरभर गरगर फिरायची म्हणून भिंगरी हे नाव पडलं होतं. शाळा सुरू झाल्यापासून ती भिंतीला धरून चालायला लागली होती.

"काय ओतलंस गं?"

"रोजचंच."

"वास नाही आला?"

"नाक चोंदलंय."

"चोंदणारच! सकाळपासून भोकाड पसरलंय," भावजय फणकारली. "रोजचं नाटक आहे हे. शाळेची वेळ झाली की पोट दुखतं, रविवारी ठणठणीत. धडे घडाघडा म्हणते आणि वाचायला बसवलं की जांभया देते."

"वाचत नाही, तर धडे पाठ कसे होतात?"

"मी वाचून दाखवते ना! दोनदा ऐकलं की पाठ. डोकं आहे, पण वापरायचं नाही."

आत्यानं भाचीकडे पाहिलं. भिंगरी नखं कुरतडत होती.

तेवढ्यात वर्गशिक्षिका आत आली आणि तिनं टेबलावर बाटली आदळली. पांढरी बाटली, निळं झाकण. वर ठळक अक्षरांत 'फरशीसाठी' असं लिहिलेलं.

"चिठ्ठी मी स्वतः चिकटवलीय," ती म्हणाली. "माशांच्या औषधाची बाटली अशीच दिसते, म्हणून. अक्षरं हरभऱ्याएवढी आहेत. आमच्या दुसरीतलं कुठलंही मूल हे वाचतं. हिनं वाचलं आणि मुद्दाम ओतलं. परवा मी ओरडले, त्याचा सूड."

"माशांचं काम हिच्याकडे कधीपासून?"

"वर्ष सुरू झाल्यापासून."

"मुलं आळीपाळीनं करत नाहीत?"

"हिला आवड आहे."

"कुठल्या तासाला करते?"

बाईंनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. "वाचनाच्या."

"मला वर्ग पाहायचाय."

"खुशाल पाहा," मुख्याध्यापक म्हणाले. "घटना घडल्यापासून कुलूप लावलंय. केराची टोपलीसुद्धा हलू दिलेली नाही!"

बाईंचा चेहरा एकदम उतरला.

वर्गात टाकीच्या पाण्यावर मासे आडवे तरंगत होते. भिंगरी काचेला नाक लावून उभी राहिली. "तो ठिपकेवाला ना, तो माझ्या बोटाशी यायचा," ती हळूच म्हणाली. आत्याचा जीव कळवळला. मग तिनं बाह्या सारल्या आणि सरळ टोपलीत हात घातला. हाताला दोन वस्तू लागल्या. 'माशांसाठी' अशी चिठ्ठी असलेली रिकामी बाटली, तिला झाकण नव्हतं. आणि मधोमध चिरलेलं एक लाल झाकण.

टोपली घेऊन परत आल्यावर तिनं भिंगरीला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि कचेरीचं दार लावून घेतलं.

"बाई, रोज तिला नेमकं काय सांगायचात?"

"औषध घाल, असं."

"कुठल्या बाटलीतलं?"

"निळ्या झाकणाच्या..." बाईंनी जीभ चावली.

"नाव का नाही सांगायचात? चिठ्ठी तर हरभऱ्याएवढी आहे."

बाईंनी टेबलावरच्या बाटलीची चिठ्ठी पलीकडे फिरवली.

"मग मी सांगते," आत्या म्हणाली. "तिला ती चिठ्ठी वाचता येत नाही, हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक आहे. म्हणून तिला झाकणाचा रंग शिकवलात, आणि वाचनाच्या तासाला तिला टाकीकडे पिटाळलंत. पोरगी गप्प आणि तुमच्या डोक्याला ताप नाही. फरशीच्या बाटलीचं लाल झाकण चिरलं. माशांचं औषध नेमकं संपलेलं. तुम्ही त्या रिकाम्या बाटलीचं निळं झाकण फरशीच्या बाटलीला लावलंत आणि विसरलात. पोरीनं रोजच्यासारखं निळं झाकण उघडलं. रडून नाक चोंदलेलं, वास कुठून येणार? मासे तिच्या हातून मेले. मारलेत तुम्ही."

"चूक कुणाच्या हातून होत नाही?" बाई किंचाळल्या.

"चुकीबद्दल मी बोलतच नाहीये. मासे तरंगताना पाहिल्यावर तुम्हाला सगळं उमगलं होतं. तरी सात वर्षांच्या पोरीवर ढकललंत, ते मात्र जाणूनबुजून."

"मग काय सांगायचं होतं? वर्गात न वाचणारं मूल आहे असं? या सरांनीच बजावलंय, असं मूल दिसलं तर माझी नोकरी जाईल!"

मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघायला लागले.

"सर, दाखला फाडा," आत्या म्हणाली. "आणि सगळ्या वर्गासमोर सांगा की मासे हिनं मारले नाहीत. नाहीतर ही टोपली घेऊन मी तुमच्या वरिष्ठांकडे जाते."

दाखला फाटला, पण माफीचा शब्द कुणाच्याच तोंडून निघाला नाही.

"म्हणजे माझी मुलगी मठ्ठ आहे?" भावजयीनं चवताळून विचारलं.

"दोनदा ऐकून धडा पाठ करणारी मठ्ठ कशी असेल? वाचायला बसली की तिचं काहीतरी अडतंय. काय ते मला कळत नाही, मी डॉक्टर नाही. त्यातल्या जाणकाराला दाखव. पण आळस म्हणू नकोस."

भावजय तावातावानं बाहेर बाकापाशी गेली.

"तुला वाचता येत नाही, हे मला का नाही सांगितलंस?"

भिंगरीनं वर पाहिलं. "सांगितलं होतं. तू मारलंस."

भावजयीनं लेकीच्या केसांवरून फिरवायला हात उचलला. भिंगरीनं पटकन दोन्ही हातांनी गाल झाकून घेतले.