क्रांजीतील तर्पण

चाळीस वर्षे मी संस्कृत शिकवले. जिभेवर असत्य येऊ द्यायचे नाही, एवढा एक नेम आयुष्यभर धरला. म्हणून हे जसे घडले तसेच सांगतो. गेल्या सर्वपित्री अमावास्येला, भर दुपारी, सिंगापुरातील क्रांजीच्या युद्धस्मारकात ते घडले.

माझे चुलते पद्माकर सैन्यात होते. जपानी लष्करी सत्तेच्या काळात येथील एका बंदिछावणीत ते वारले. पाण्यावाचून गेले, असे परतलेल्या सोबत्याने सांगितले होते. देह दिसला नाही, म्हणून माझ्या वडिलांनी धाकट्या भावाचे श्राद्ध कधीच केले नाही. अखेरच्या घटकेला मात्र माझा हात धरून म्हणाले, "त्याला पाणी दे."

त्यास तीस वर्षे झाली. माझे वय आता एकोणऐंशी. पुन्हा इतक्या दूर येणे होईल, असे वाटत नव्हते.

माझी मुलगी अनघा सिंगापुरातच, तोआ पायोह या वस्तीत राहते. तिच्या शेजारच्या वृद्ध इशिकावाबाईही आमच्यासोबत आल्या. त्यांचे आजोबा त्याच छावणीत पहारेकरी होते. दरवर्षी या स्मारकापुढे वाकून त्या क्षमा मागतात.

स्तंभावर काकांचे नाव सापडले. मी दक्षिणेकडे तोंड करून बसलो. जानवे उजव्या खांद्यावर घेतले, ताम्हन मांडले.

"बाबा, पाणी ताम्हनातच हं. इथे खाली सांडलं तरी दंड करतील."

"तुझ्या सिंगापुरात पितरांनाही पास लागतो काय गं?"

ती हसली. इशिकावाबाईंनी इंग्रजीत हळूच विचारले, "माझ्या आजोबांनाही थोडं द्याल?"

"बाई, तुमच्यावर माझा राग नाही," मी म्हणालो. "पण त्यांना माझ्या हातून नाही."

त्यांनी मान खाली घातली.

मी ओंजळीत तीळ घेतले. काकांचे नाव आणि गोत्र उच्चारले. अंगठ्याच्या बाजूने पाणी सोडले…

पडल्याचा आवाज आला नाही.

ताम्हन कोरडे होते.

पुन्हा ओंजळ भरली, पुन्हा सोडली…

ताम्हन कोरडेच.

तेव्हा ध्यानात आले, किड्यांची किरकिर थांबली आहे. खालच्या रस्त्यावरच्या गाड्याही ऐकू येत नाहीत. अनघा समोर काही बोलत होती. ओठ हलत होते, शब्द नव्हते.

आणि पाठीमागे… बुटांची चाल.

एकच माणूस. सावकाश. रांगेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जावे तशी.

चाल माझ्या पाठीशी येऊन थांबली.

मग कानाशी कोणी बोलले. मराठीत. आवाज थेट माझ्या वडिलांचा, पण फार तरुण.

"आधी त्याला… मग आम्हाला."

मी कसाबसा इशिकावाबाईंकडे वळलो. "आजोबांचे नाव?"

त्या साऱ्या शांततेत त्यांचे उत्तर तेवढे ऐकू आले.

"तोकुझो."

ज्याचे गोत्र ठाऊक नाही, त्याला काश्यप गोत्र द्यावे, अशी आपली रीत. मी तसे म्हणालो. पाणी सोडले…

टप्. टप्.

ताम्हनात स्पष्ट वाजले.

बूट दूर गेले.

मग काकांच्या नावाने सोडले. तेही पडले. किडे पुन्हा किरकिरू लागले.

परतताना टॅक्सीत मी सारे सांगितले. त्या दोघींना काहीच ऐकू आले नव्हते.

"काकाआजोबांनी क्षमा केली, बाबा," अनघा म्हणाली. इशिकावाबाई माझा हात धरून रडू लागल्या. मीही मान डोलावली. त्या माउलीचे समाधान कोणत्या तोंडाने मोडावे?

पण तो आवाज मी ऐकला आहे.

तो कापत होता. आणि दबका होता… बुटांच्या मालकाला ऐकू जाऊ नये, इतका दबका.

ऐंशी वर्षे लोटली. काका अजून त्या रांगेतच उभे असतील, तर त्या दुपारी मी त्यांना पाणी दिले…

की पहारेकऱ्याचा हुकूम पाळला?